नाल्यापलीकडची मोकळी जागा

प्रमिला गजभिये पांढुर्ण्याच्या कलेक्टोरेटमध्ये रुजू झाली त्याला अकरा महिने होत आले होते. या अकरा महिन्यांत तिने पाहिलेलं पांढुर्णा म्हणजे बसस्टँड ते ऑफिस आणि ऑफिस ते बसस्टँड. बावीस वर्षं तिने सौंसरच्या तहसिलीत काढली होती. जिल्हा नवा झाला, नवी ऑफिसं उघडली आणि इकडचे तिकडचे बाबू उचलून तिथे बसवले गेले, त्यात तिचाही नंबर लागला. सकाळी आठची बस, संध्याकाळी मिळेल ती. नवरा गुलाब चार वर्षांपूर्वी गेला, मुलगी पल्लवी नागपूरला नर्सिंग शिकत होती. सौंसरच्या घरात जेवायला आणि झोपायला एकटी प्रमिलाच होती. तरी घर म्हणजे सौंसर, आणि पांढुर्णा म्हणजे ड्यूटी, असं तिने मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

तिचं टेबल आवक-जावकचं. पण तिची खिडकी दाराला सगळ्यात जवळ, म्हणून कोणीतरी पुठ्ठ्यावर ‘पूछताछ’ लिहून तिच्या डोक्यावर टांगलं होतं. दिवसभर लोक येऊन विचारत, अमुक शाखा कुठे, तमुक ऑफिस कुठे. नव्या जिल्ह्यातली अर्धी ऑफिसं भाड्याच्या इमारतींत विखुरलेली. प्रमिला शेजारच्या बाबूला विचारून सांगायची. तो जागेवर नसला की अंदाजाने.

भादव्यातल्या एका दिवशी नत्थूजी नावाचे म्हातारे शेतकरी आले. हातात काठी, पायात टायरची चप्पल. त्यांना शेताच्या जुन्या कागदाची नक्कल हवी होती. प्रमिलाने मान वर न करता सांगितलं, “स्टेशनच्या बाजूला जा, तिथे पिवळी इमारत आहे.”

पाच वाजायला दहा मिनिटं असताना तेच म्हातारे पुन्हा खिडकीशी उभे. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. भांडायला आले असतील असं वाटून प्रमिला सावरून बसली.

“बाई, नक्कल तिकडं नाही भेटत,” ते शांतपणे म्हणाले. “ती जुन्या तहसिलीत भेटते, इथून दोन गल्ल्या सोडून. मी फिरलो दिवसभर, माझं जाऊ द्या. पण दुसऱ्या कोणाले तिकडं पाठवू नका. तेवढं सांगाले आलो.”

ते गेले. प्रमिलाला त्या संध्याकाळी बसमध्ये खिडकीबाहेर पाहवेना. माणूस रागावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि सौरभला म्हणाली, “गावाचा नकाशा आहे का रे?”

“मोबाइलमध्ये पाहा ना, मॅडम.”

“पाहिला. त्यात अर्ध्या गल्ल्यांना नावच नाही. आणि लोक पत्ता सांगतात तो ‘जुन्या चक्कीच्या मागं’ म्हणून.”

सौरभने डोकं खाजवलं, आतल्या फळीवरून दोरीने बांधलेला एक गठ्ठा काढला, फुंकर मारून धूळ उडवली. वीतभर लांबीच्या सहा पातळ पुस्तिका होत्या. वर सुबक अक्षरात लिहिलेलं: ‘पांढुर्णा, मोहल्ल्या-मोहल्ल्याने. रेखाटन : मनोहर कळंबे, ड्रॉइंग शिक्षक’. स्टेशन, बाजार, जुनी वस्ती, नदीकाठ, टेकडी आणि जिनिंग. एकेका मोहल्ल्याची एकेक पुस्तिका.

“मास्तर रिटायर झाले तेव्हा काढल्या होत्या, पंधराएक वर्षं झाली,” सौरभ म्हणाला. “बाबांनी छापून दिल्या. कोणी नेल्या नाहीत. तुम्हीच ठेवून घ्या.”

त्या रात्री सौंसरच्या घरी जेवणाचं ताट तसंच ठेवून प्रमिला त्या चाळत बसली. नकाशे हाताने काढलेले, पण गल्लीचं प्रत्येक वळण जागच्या जागी. आणि प्रत्येक पानाच्या कडेला मास्तरांनी बारीक अक्षरात काही ना काही लिहून ठेवलं होतं. ‘या नळाला सकाळी सातपासून अर्धा तास पाणी.’ ‘इथला कुत्रा भुंकतो, चावत नाही.’ ‘या घरच्या बाई शेवया करून देतात, दोन दिवस आधी सांगावे.’ काही ओट्यांपुढे छोटीशी खुर्ची काढलेली होती. तिचा अर्थ पहिल्या पानावर दिला होता: इथं बसू देतात.

प्रमिला एकटीच हसली. बऱ्याच दिवसांनी.

पुढच्या रविवारी ती सुट्टी असून आठच्या बसमध्ये बसली. पिशवीत पाण्याची बाटली, दोन पोळ्या आणि पहिली पुस्तिका. स्टेशनपासून सुरुवात केली. तासाभरात कळलं की पुस्तिका म्हातारी झाली आहे. चक्की होती तिथे मोबाइलचं दुकान, पिंपळ होता तिथे ट्रान्सफॉर्मर. पण गल्ल्या त्याच होत्या, आणि माणसांना जुन्या खुणा ठाऊक होत्या. ती पुस्तिका उघडून उभी राहिली की कोणीतरी विचारायचंच.

“काय शोधून राहिल्या, बाई?”

“काही नाही जी, गाव पाहून राहिली.”

“पांढुर्णा? यात काय पाहाचं?” असं म्हणणारा माणूसच मग पुस्तिका हातात घ्यायचा, स्वतःचं घर शोधायचा, सापडलं की बायकोला हाक मारायचा. शेवयावाल्या बाई वारल्या होत्या, आता त्यांची सून करत होती. भुंकणारा कुत्राही गेला होता. जुन्या वस्तीतल्या एका ओट्यावर, खुर्चीची खूण होती म्हणून, ती धीर करून बसली तर आतून खरंच चहा आला. प्रमिला सगळं पेन्सिलने कडेला टिपत गेली.

दिवाळी झाली. संत्र्यांचे ट्रक भरून नागपूरकडे जायला लागले. तोवर तिच्या पाच पुस्तिका फिरून झाल्या होत्या. खिडकीवर ती आता मान वर करून सांगायची, “सरळ जा, शाळेची भिंत संपली की डावीकडे, तिथे शिंप्याला विचारा, तुकाराम नाव आहे, सांगेल.” शेजारचा बाबू उलट तिलाच विचारायला लागला होता.

सहावी पुस्तिका जिनिंग मोहल्ल्याची. कापसाच्या गाड्यांची रांग, हवेत उडणारा तंतू, गोदामांच्या लांब भिंती. नकाशात या सगळ्याच्या पलीकडे एक नाला होता आणि नाल्यापुढे पान कोरं. मधोमध तीन शब्द लिहिलेले: ‘पुढे मोकळी जागा.’

प्रमिला नाल्यापर्यंत आली आणि थांबली. समोर मोकळी जागा नव्हती. तीनेकशे घरं होती. काही पक्की, काही टिनाची, दाटीवाटीने उभी. मध्ये पांढऱ्या रंगाचं विहार आणि त्यावर पंचशील ध्वज. छोट्या पुलावरून ती पलीकडे गेली. वाटलं, नंतर वसली असेल वस्ती, पंधरा वर्षांत काय नाही होत. विहाराच्या पायरीशी दगड बसवलेला होता. त्यावर साल होतं १९७४.

तिने पुस्तिका उघडून ते तीन शब्द पुन्हा वाचले.

“जयभीम, बाई. कोणाच्या घरी जाचं हाय?” मागून आवाज आला. साठीची एक बाई विहिरीवरून घागर घेऊन येत होती. ठेंगणी, सावळी, तोंडभर मोकळं हसू.

“जयभीम. मी सौंसरची. सहज आली होती.”

“सहज इकडं कोणी येत नाही वो,” बाई म्हणाली. “चाल घरी, पाणी पी.” तिचं नाव वत्सला. जिनिंगमध्ये तीस वर्षं तिने कापूस वेचून साफ केला होता. तिच्या घरी पाणी पिताना प्रमिलाने पुस्तिका पिशवीत खोल दडवली. त्या तीन शब्दांची लाज तिलाच वाटत होती.

मास्तरांचा पत्ता शेवटच्या पानावर होता: जुनी वस्ती, हनुमान मंदिरामागे, निळा दरवाजा. दरवाजा आता तपकिरी होता, पण प्रमिलाने बरोबर शोधला. दार मास्तरांनीच उघडलं. अठ्ठ्याहत्तरीचे, उंच, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. आपल्या पुस्तिका कोणी फिरून वाचल्या हे ऐकून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिला आत नेलं, तिने केलेल्या पेन्सिलीच्या खुणा भिंग लावून पाहिल्या. “वा! चक्की गेली होय? अरे, शंकरची सून करते का शेवया!” असं म्हणत राहिले.

प्रमिलाने सहावी पुस्तिका शेवटच्या पानावर उघडून पुढे ठेवली.

“सर, हे काय लिहिलं तुम्ही?”

मास्तरांनी भिंग धरलं. वाचलं. आणि भिंग खाली ठेवायला त्यांना वेळ लागला.

“त्या साली पाऊस फार होता,” ते म्हणाले. “नाल्यावर तेव्हा पूल नव्हता…”

प्रमिलाने त्या तीन शब्दांखाली बोट ठेवलं.

“नाही,” मास्तर स्वतःशीच मान हलवत म्हणाले. “खोटं कायले बोलू तुमच्यापाशी. उन्हाळ्यात काढला मी हा नकाशा. नाला कोरडा होता. सहा मोहल्ले गल्ली न गल्ली पायी फिरलो, आणि नाल्याच्या काठावरून परत आलो. कोणी अडवलं नाही मले. मला तो मोहल्ला वाटलाच नाही. घरं दिसत होती, बाई. दिसत असून मी मोकळी जागा लिहिलं.”

बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. प्रमिला रागावून आली होती, येताना वाक्यं जुळवून आली होती. आता त्यातलं एकही तिच्या कामाचं राहिलं नव्हतं.

“माझं घर सौंसरला अशाच मोहल्ल्यात आहे, सर,” ती म्हणाली. “आता काढा तो नकाशा.”

“या गुडघ्यांनी?”

“चालायचं काम माझं. पावलं मोजून आणते, तुम्ही काढा.”

पुढच्या रविवारी ती वही घेऊन पुलावरून गेली. एक गल्ली मोजून होते न होते तोच दारादारांतून माणसं बाहेर आली. अंगणवाडीजवळ आशिष नावाच्या पंचविशीच्या पोराने तिला थांबवलं. तो नागपूरला कंपनीत जायचा, वस्तीची सगळी कागदपत्रं तोच सांभाळायचा.

“ताई, तुम्ही कलेक्टोरेटच्या ना? मंग हे काय मोजून राहिल्या?”

“ऑफिसचं काम नाही हे. मी स्वतः…”

“मागच्या वेळी एक साहेब टेप घेऊन आला, तोही हसून बोलत होता. दोन महिन्यांनी बावीस घरांवर अतिक्रमणाच्या नोटिसा लागल्या. अजून मिटलं नाही ते. नकाशा आमच्या भल्यासाठी कधी निघत नाही, ताई.”

लोकांच्या माना डोलल्या. वत्सलाबाई गर्दीत उभी होती, तिचं ते तोंडभर हसू मावळलं होतं. प्रमिलाने मग पिशवीतून सहावी पुस्तिका काढली आणि कोरं पान आशिषच्या हातात दिलं. दडवून ठेवण्यात आता अर्थ नव्हता.

त्याने वाचलं. मोठ्याने वाचलं. तशी गर्दीतली एक म्हातारी खो खो हसत सुटली. “मी मोकळ्या जागेत सहा लेकरं वाढवली बापा!” हसण्याची ती लाट ओसरली तशी लोकांची तोंडं आणखीच कडक झाली.

“काढलं कोणी हे?” वत्सलाने विचारलं.

“कळंबे सरांनी. ड्रॉइंगच्या.”

“कळंबे सर? माझा तुळशीराम होता त्यांच्या वर्गात.” तुळशीराम तिचा धाकटा भाऊ. “त्याच्या हाताचं चित्र सर आख्ख्या शाळेत फिरवत. अन् त्याचं घर नाही दिसलं त्यायले?” तिने पुस्तिका मिटून प्रमिलाच्या हातात दिली. “तू नको मोजू, बाई. ज्यानं पान कोरं ठेवलं त्याले येऊ दे. तो आला तर पाहू.”

प्रमिलाने निरोप जसाच्या तसा मास्तरांना सांगितला. मास्तर इतकंच म्हणाले, “तुळशीराम. रंग फार हलक्या हातानं द्यायचा.” येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत.

एक रविवार गेला, दुसरा गेला. प्रमिला सौंसरलाच राहिली. कपडे धुतले, माळा आवरला, पल्लवीला फोनवर सांगितलं, “संपलं बहुतेक ते. उगाच पडली मी त्यात.”

“आई,” पल्लवी म्हणाली, “चार महिन्यांत तू फोनवर ‘कंटाळा आला’ म्हटलं नाहीस. आज पहिल्यांदा म्हणतेस.”

“मी कुठं म्हटलं?”

“आवाजात म्हटलं.”

तिसऱ्या रविवारी सकाळी नऊला फोन वाजला. “बाई, मी पुलावर उभा आहे,” मास्तर म्हणाले. “ऑटोवाला परत गेला. मी एकटा आत जाऊ की तुमच्यासाठी थांबू?”

सौंसरहून यायला प्रमिलाला सव्वा तास लागणार होता. “सर, तुम्ही…” ती बोलता बोलता थांबली. “जा तुम्ही. मी येते मागून.”

ती पोचली तेव्हा विहाराच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती. मास्तर खुर्चीवर, कडक इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर ड्रॉइंग बोर्ड. भोवती तीस-चाळीस माणसं. तिच्या येण्याआधी काय झालं ते तिला नंतर वत्सलाने सांगितलं. सर पुलावरून काठी टेकत आले, विहारात हात जोडले, आणि बसायच्या आधी उभ्या उभ्याच म्हणाले, ‘मी चूक केली. घरं पाहून मोकळी जागा लिहिली. तुम्ही परत जा म्हणाल तर जातो.’ मग तुळशीराम पुढे झाला. आता त्याचेही केस पिकले होते. त्याने सरांची पेन्सिल घेतली, चाकूने टोक काढून दिलं.

आशिष मात्र सहजासहजी विरघळणारा नव्हता. “घरांचे नंबर टाकायचे नाहीत,” त्याने अट घातली. “कोणाचं घर किती फूट, तेही नाही. गल्ल्या, विहीर, विहार, अंगणवाडी, दुकानं, झाडं, एवढंच. आणि छापायच्या आधी कागद आम्ही वाचणार.”

“कबूल,” मास्तर म्हणाले. “शाळेत मी तपासायचो. आता तुम्ही तपासा.”

मग जी काही धमाल उडाली ती उडाली. पावलं मोजायचं काम प्रमिलासोबत वस्तीतल्या बायांनी उचललं. विहिरीपासून अंगणवाडीपर्यंत वत्सलाची पावलं एकशे दहा भरली, प्रमिलाची ब्याण्णव. खरं कोणाचं यावर भांडण लागलं. मधल्या गल्लीचं नाव काय यावर दोन म्हाताऱ्या रुसल्या. पानाच्या कडेला काय लिहायचं ते लोकच सांगत होते. कोणाच्या हातची भाकरी, कोण जुनी भीमगीतं पाठ म्हणतं, कोणत्या ओट्यावर दुपारी सावली येते. ज्या बाईने सहा लेकरं मोकळ्या जागेत वाढवली होती, तिने नकाशात आपल्या ओट्यापुढे खुर्ची काढून घेतली, आणि खुर्चीचे पाय वाकडे आले म्हणून दुसऱ्यांदा काढायला लावली.

हे चार रविवार चाललं. पक्की रेघ शेवटी तुळशीरामने ओढली, कारण मास्तरांचा हात आता कापायचा. मास्तर शेजारी बसून फक्त म्हणायचे, “हलकं. आणखी हलकं.” वरती दोघांची नावं आली. आशिषने कागद तीनदा वाचला, एका जागी ‘नाली’ खोडून ‘नाला’ केलं, आणि मग सही केली. खरं तर सही कोणी मागितली नव्हती.

सौरभने पन्नास प्रती काढल्या. पहिली मास्तरांनी वत्सलाच्या हातात दिली. तिने ती उघडली, आपली गल्ली पाहिली, बोट ठेवलं, आणि मिटून पदराखाली धरली. मग प्रमिलाकडे वळून म्हणाली, “बाकीच्या सहा कुठं हायत?”

“माझ्याकडे. कायले?”

“कायले म्हणजे? मी या गावात जन्मली. जिनिंग, बाजार अन् दवाखाना, याच्यापलीकडं पांढुर्णा पाहिलं नाही. टेकडीवर काय हाय ते तुले माहीत, मले नाही. असं कसं चालीन?”

माघ लागता लागता प्रमिलाने नाल्यापलीकडच्या वस्तीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सौंसरचं घर राहू दिलं, पण आठची बस सोडली. टेम्पो एका रविवारी सामान उतरवून गेला. दुपारपर्यंत तिची नुसती भांडी लागली होती, पलंग अजून भिंतीला उभा होता आणि गॅसची नळी कुठल्या पिशवीत गेली ते सापडत नव्हतं. तेवढ्यात दारात वत्सला येऊन उभी राहिली. अंगावर ठेवणीतलं लुगडं, मागे आणखी चार बाया, एकीच्या हातात टेकडी मोहल्ल्याची पुस्तिका.

“येते का तू?”

प्रमिलाने चहूकडे पसरलेल्या सामानाकडे पाहिलं. “आज नाही होत, मावशी. तुम्ही जा. चढाच्या आधी एक फाटा लागते, तिथे नीट पाहा.”

“पाहू ना आम्ही. डोळे हायत की.”

बाया निघाल्या. प्रमिला पिशव्या उपसत राहिली. गल्लीच्या टोकाशी त्या थांबल्याचं आवाजावरून कळलं. कोणीतरी पुस्तिका उलटी धरली होती. “अवो, असं धर! स्टेशन वर पायजे!” “वर कसं, स्टेशन तर त्या बाजूनं हाय!” पाचही जणी एकदम बोलायला लागल्या, मग एकदम हसल्या, आणि बोलत बोलतच पुलाकडे निघून गेल्या. गॅसची नळी उशांच्या गाठोड्यात निघाली. प्रमिलाने ती बसवली, आगपेटीची काडी ओढली आणि चहाचं पाणी ठेवलं.